उजेड पोचतो तिथवर

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या आणि पोर्तुगालच्या पोर्तो विद्यापीठातल्या संशोधकांनी मिळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कथिलाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म पापुद्रे कर्करोगाच्या पेशींत मिसळायचे आणि त्यांवर साध्या एलईडीचा, लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकायचा, असा तो प्रयोग होता. तीस मिनिटांत त्वचेच्या कर्करोगाच्या ९२ टक्क्यांपर्यंत पेशी मेल्या, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ५० टक्के मेल्या आणि निरोगी त्वचेच्या पेशींना इजा झाली नाही.

फोनवर फिरता फिरता अशी बातमी दोन ओळींची होते: एलईडीने कॅन्सर बरा. ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे ते ती चारचारदा वाचतात. मग विलेपार्ल्यातला माणूस विचारतो तो प्रश्न अगदी रास्त असतो. हे नानावटीत मिळतं का? कूपरमध्ये? की परळला टाटालाच जावं लागेल? त्या ९२ टक्के पेशी काचेच्या बशीत होत्या, माणसाच्या अंगात नव्हत्या, एवढं सांगून त्याची बोळवण करता येते. पण ते पुरेसं नाही. उजेडाने कर्करोगावर उपचार ही शंभर वर्षांहून जुनी, पक्क्या पायावर उभी असलेली गोष्ट आहे. तिचे काही भाग आज रुग्णांना मिळतात, काही उंदरांपर्यंत पोचले आहेत आणि काही अजून बशीतच आहेत. कोणता भाग कुठे आहे हे कळलं, तर आशाही नेमक्या जागी ठेवता येते.

मूळ कल्पना सांगायला सोपी आहे. औषध असं निवडायचं, जे अंधारात काहीच करत नाही. उजेड असा, जो एकटा कुणाला इजा करत नाही. दोघांची गाठ पडेल तिथेच पेशी मरेल. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, तसं हे आहे. केमोथेरपीचं औषध रक्तातून सगळीकडे जातं आणि जाईल तिथे काम करतं. म्हणून केस गळतात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात. इथे औषध अंगभर पसरलं तरी दुसरी किल्ली डॉक्टरांच्या हातात राहते.

आत काय घडतं ते पाहण्यासारखं आहे. हे औषध म्हणजे मुळात एक रंगद्रव्य असतं. ठरावीक रंगाचा उजेड ते शोषतं आणि मिळालेली ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनच्या रेणूला देऊन टाकतं. आपण श्वासात घेतो तोच हा ऑक्सिजन, पण ही ऊर्जा मिळाली की तो अतिशय जहाल होतो. त्याला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात. पेशीत तो सेकंदाच्या काही लाखांशांहून जास्त टिकत नाही आणि तेवढ्यात पेशीच्या रुंदीचा अगदी लहानसा हिस्साच पार करू शकतो. त्यामुळे जिथे जन्मतो तिथलीच आवरणं आणि प्रथिनं जाळतो. शेजारच्या पेशीपर्यंत त्याची मजल जात नाही. शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि मेलेल्या पेशींचा सुगावा लागून शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होते. रेडिएशनशी याची गल्लत करू नये. क्ष-किरण आणि गॅमा किरण स्वतःच्याच बळावर पेशीतला डीएनए तोडतात, त्यांना औषधाची गरज नसते. इथला उजेड आपल्या दिव्यांमधल्या उजेडाच्याच जातीचा आहे.

हे प्रथम लक्षात आलं ते म्युनिकमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली अॅक्रिडीन या रंगाचा पॅरामीशियम या एकपेशीय जिवावर काय परिणाम होतो ते तपासत होता. तेवढाच रंग, तेवढेच जीव, आणि तरी कधी ते चटकन मरत, कधी बराच वेळ तगत. ज्या दिवशी ते तगले, त्या दिवशी बाहेर वादळी हवा होती आणि खोलीत उजेड कमी होता, अशी हकीकत सांगितली जाते. राबने ती विसंगती सोडून दिली नाही. १९०० साली त्याचा निबंध आला आणि १९०३ मध्ये टापायनर आणि येझिओनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून उजेड देऊन पाहिला.

१९१२ मध्ये फ्रीड्रिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरांनी हिमॅटोपॉर्फिरिन हे रक्तातल्या लाल द्रव्यापासून बनवलेलं औषध स्वतःच्या शिरेत टोचून घेतलं, २०० मिलिग्रॅम. त्यानंतर ते उन्हात गेले. चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजला आणि उन्हाचा हा त्रास त्यांना कित्येक आठवडे भोगावा लागला. या उपचाराची एक मोठी अडचण त्या एका माणसाने अंगावर काढून जगाला दाखवली. तिच्याकडे पुढे यायचंच आहे.

मग मधे बराच काळ गेला. लेझर आणि प्रकाशतंतू हाताशी आल्यावर अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेतले थॉमस डोअर्टी यांनी ही गोष्ट उपचाराच्या पातळीवर आणली. १९७८ मध्ये त्यांनी २५ रुग्णांच्या ११३ गाठींचा वृत्तांत दिला. त्यांतल्या १११ गाठी पूर्ण किंवा काही प्रमाणात विरल्या होत्या. त्यातून पुढे आलेल्या फोटोफ्रिन या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. फोटोडायनॅमिक थेरपी, थोडक्यात पीडीटी, हे नाव तेव्हापासून रुळलं.

पण औषध आणि उजेड यांची जोडी जमवण्याची कला आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. काष्ठौषधींच्या दुकानात बावची मागितली तर पुडीत काळपट, चपटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे बारीक दाणे मिळतात. चोळले की बोटांना किंचित चिकट लागतात आणि उग्र वास येतो. आयुर्वेदात कोडावर, म्हणजे अंगावरच्या पांढऱ्या डागांवर, बावचीचा लेप लावून डाग उन्हात धरायला सांगितलं आहे. यातला उन्हाचा भाग सर्वांत महत्त्वाचा होता हे आज आपण जाणतो. १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ आणि व्यंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांची रासायनिक तपासणी केली आणि सोरालेन हे द्रव्य वेगळं काढलं. याच घराण्यातलं एक द्रव्य इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका रानटी वनस्पतीतून मिळालं, आणि त्याची गोळी देऊन वर अतिनील-ए किरण देण्याची पुवा नावाची पद्धत १९७० च्या दशकात जगभर पसरली.

पुवाचा एक फेरा कसा होतो ते पाहिलं म्हणजे या साऱ्या उपचारांची शिस्त कळते. रुग्ण गोळी घेतो आणि साधारण दोन तास थांबतो, औषध त्वचेपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. मग तो एका उभ्या पेटीत शिरतो. आतल्या भिंतींवर माणसाच्या उंचीच्या नळ्या ओळीने लावलेल्या असतात. डोळ्यांवर किरण अडवणारा गॉगल असतो. सुरुवातीला मात्रा अगदी थोडी, मग त्वचा कशी वागते ते बघत फेऱ्यागणिक वाढवायची. पेटीतून बाहेर आलं तरी काम संपत नाही. अंगात औषध असेपर्यंत ऊन टाळायचं आणि गॉगल उतरवायचा नाही. घरच्या घरी बावचीचं तेल चोळून दुपारच्या उन्हात बसणाऱ्यांच्या अंगावर फोड उठतात ते याच कारणाने. औषध तेच असतं, मात्रेवर मात्र कुणाचा हात नसतो.

पुवा कोडासाठी आणि सोरायसिससाठी ओळखली जाते, पण त्वचेत सुरू होणाऱ्या मायकोसिस फंगॉइडिस या लिम्फोमावरही ती १९७६ पासून वापरात आहे. येल विद्यापीठाच्या रिचर्ड एडल्सन यांनी पुढचं पाऊल टाकलं. रुग्णाचं रक्त बाहेर काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांना सोरालेनच्या जातीचं औषध आणि अतिनील किरण द्यायचे, आणि त्या पुन्हा शरीरात सोडायच्या. या फोटोफेरेसिसला १९८८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सोरालेन ऑक्सिजनवर अवलंबून राहत नाही, ते उजेडात थेट डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडतं. आणि म्हणूनच दीर्घकाळ पुवा घेतलेल्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका वाढतो हेही नोंदलेलं आहे. उजेडाचे उपचार सौम्य असतात, पण त्यांना निरुपद्रवी समजणं चूक ठरेल.

आता खरी अडचण. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर बोट दाबून धरा. पांढरा उजेड आत गेला आणि बाहेर फक्त लाल आला. निळा आणि हिरवा रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनने गिळला. जो लाल बाहेर आला तोही इतका विखुरला आहे की बोटातलं हाड दिसत नाही. शरीराच्या आत उजेडाची हीच अवस्था होते. पीडीटीत वापरतात तो ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल उजेड साधारण पाच मिलिमीटरपर्यंतच कामाचा राहतो. लालच्या पलीकडे, ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, तो थोडा आणखी खोल जातो, म्हणून नवं संशोधन त्या पट्ट्याकडे सरकलं आहे. त्याहूनही पलीकडे गेलं की पाणीच उजेड शोषू लागतं.

यकृतातल्या किंवा स्वादुपिंडातल्या गाठीपर्यंत बाहेरून उजेड पोचत नाही. तिथे प्रकाशतंतू सुईतून आत न्यावा लागतो, आणि तो गाठीच्या कुठल्या कोपऱ्यापर्यंत पोचला हे नेमकं मोजणं अवघड असतं. दुसरी अडचण ऑक्सिजनची. मोठ्या गाठीच्या गाभ्यात आधीच त्याचा तुटवडा असतो, आणि भरपूर उजेड एकदम टाकला तर रक्त आणून देईल त्याहून वेगाने तो संपतो. म्हणून काही ठिकाणी उजेड मंद ठेवतात किंवा मधे थांबून थांबून देतात.

ऑक्सिजनची ही गरजच टाळायची एक वाट आहे: जाळण्याऐवजी तापवायचं. आणि तिचा एक चांगला धागा आपल्या उपनगरांतून जातो. पार्ल्याहून पूर्वेला पवईला गेलं की आयआयटी मुंबई लागते. तिथल्या बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभागातले रोहित श्रीवास्तव, रिंटी बॅनर्जी आणि त्यांचे तेव्हाचे संशोधक विद्यार्थी अरविंद रेंगन यांनी खाडीपलीकडे खारघरला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्याच अॅक्ट्रेक या संशोधन केंद्रातल्या अभिजित डे यांच्या गटाबरोबर सोन्याच्या सूक्ष्मकणांवर काम केलं. २०१५ मध्ये ते नॅनो लेटर्स या नियतकालिकात आलं.

सोनं कशाला, हा प्रश्न पडेलच. सोन्याचा कण अगदी लहान केला की त्याचा पिवळेपणा जातो. पाण्यात तरंगणारे असे सुटे कण लालसर दिसतात, कारण ते हिरवा उजेड शोषतात. हिरवा उजेड शरीरात खोल जात नाही, म्हणजे सुटे कण निरुपयोगी. पण हेच कण एकमेकांना खेटून बसले की ते लालपलीकडचा उजेड शोषू लागतात आणि शोषलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. त्यांना खेटून बसवायचं कशावर, तर लायपोसोमवर. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी आवरणाची पोकळ, सूक्ष्म गोळी. पार्ल्यातल्या भानुबेन नानावटी फार्मसी कॉलेजच्या किंवा एनएमआयएमएसच्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांना ती नवी नाही, औषध पोचवण्याचं हे एक प्रस्थापित वाहन आहे. पवईच्या गटाने अशा गोळीवर सोन्याच्या कणांचा थर चढवला.

यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट उष्णतेची नाहीच. सोन्याच्या मोठ्या कणांची खरी काळजी ही की काम झाल्यावर ते जातात कुठे. मूत्रपिंडाची गाळणी फक्त पाच-सहा नॅनोमीटरपर्यंतचे कण सोडते. त्याहून मोठे यकृतात आणि प्लीहेत महिनोन्महिने साचून राहू शकतात. लायपोसोम मात्र शरीरात विरघळतो. तो फुटला की सोन्याचा थर सुटा होतो. उंदरांमध्ये या कणांचा माग काढल्यावर दिसलं की ते यकृताच्या पेशींत मोडतात आणि पित्तावाटे व मूत्रावाटे बाहेर जातात. मानवी कर्करोगाची गाठ वाढवलेल्या उंदरांना हे कण देऊन ७५० नॅनोमीटरचा लेझर दिला तेव्हा गाठ पूर्ण नष्ट झाली आणि ते उंदीर रोगाविना जास्त काळ जगले. औषध शरीरात शिरायच्या आधीच ते बाहेर कसं पडेल याचा विचार त्या रचनेत केलेला आहे, आणि माझ्या मते यालाच उत्तम काम म्हणावं.

हे सारं उंदरांत झालं, कातडीखाली वाढवलेल्या गाठींवर झालं, हेही त्याच दमात सांगायला हवं. सोन्याचा मुलामा दिलेल्या दुसऱ्या एका प्रकारच्या कणांची, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातून निघालेल्या, माणसांवर चाचणी झाली आहे. २०१९ मध्ये प्रोस्टेटच्या मर्यादित कर्करोगाच्या १६ रुग्णांचा वृत्तांत आला, त्यांपैकी १५ जणांवर प्रक्रिया यशस्वीपणे पूर्ण करता आली. त्यातही प्रकाशतंतू सुईवाटे थेट प्रोस्टेटमध्ये न्यावे लागले होते. उजेड खोलवर न्यायचा तर वाट अशी करून द्यावी लागते.

उजेडाचा एक उपयोग मात्र मुंबईत आधीच ऑपरेशन थिएटरमध्ये शिरला आहे, आणि त्यात पेशी मारायच्याही नसतात. अमिनोलेव्ह्युलिनिक अॅसिड, म्हणजे एएलए, हे आपल्याच पेशींत तयार होणारं साधं द्रव्य आहे. त्यापासून टप्प्याटप्प्याने रक्तातलं हीम बनतं. ते पाण्यात विरघळवून रुग्णाला प्यायला दिलं की मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीच्या पेशी त्याच्यापासून प्रोटोपॉर्फिरिन बनवतात, पण शेवटची लोहाची पायरी त्यांना नीट जमत नाही, त्यामुळे ते आत साठून राहतं. शस्त्रक्रियेच्या वेळी निळा उजेड टाकला की गाठ गुलाबी-लाल चमकते आणि निरोगी मेंदू निळसरच राहतो. साध्या डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात. जर्मनीत वॉल्टर श्टुमर यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की या चमकेच्या आधाराने ६५ टक्के रुग्णांत दिसणारी सगळी गाठ काढता आली, नेहमीच्या उजेडात ३६ टक्क्यांत. टाटा मेमोरियलचे न्यूरोसर्जन अलीअसगर मोइयादी आणि प्रकाश शेट्टी यांनी ही चमक आणि शस्त्रक्रियेदरम्यानची सोनोग्राफी एकत्र वापरून काम केलं. चमक फक्त पृष्ठभाग दाखवते, सोनोग्राफी आतलं दाखवते. दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात.

आणि आता तोंडाकडे. या प्रकरणात सर्वांत जास्त सांगण्यासारखं इथे आहे.

पाच मिलिमीटरच्या मर्यादेमुळे जगभरचे संशोधक अडतात. पण आपल्या देशात पुरुषांमध्ये पहिल्या क्रमांकावर असलेला कर्करोग तोंडाचा आहे. तो सुरू होतो गालाच्या आतल्या अस्तरावर, जिभेच्या कडेला, हिरडीवर, जिथे साधा टॉर्चही पोचतो. कित्येकदा गाठ होण्याआधी तिथे पांढरा किंवा लाल चट्टा वर्षानुवर्षं असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मावा, विदर्भातला खर्रा, मशेरी आणि तंबाखू-चुना चालूच आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण धूरविरहित तंबाखू वापरणारा निघाला. उजेड पोचायला इतकी सोपी जागा आणि इतका मोठा रोग, दोन्ही एकाच ठिकाणी. माझं ठाम मत आहे की उजेडाच्या उपचारांचं पुढचं मोठं काम आपल्याकडे व्हायला हवं.

सुरुवात झालेली आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात अलोक दुबे, पी. के. गुप्ता आणि सहकाऱ्यांनी पालकाच्या वाळलेल्या पानांतल्या हरितद्रव्यापासून क्लोरिन पी-६ हे औषध बनवलं आणि हॅमस्टरच्या गालाच्या पिशवीत तयार केलेल्या कर्करोगावर ते तपासलं. अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हार्वर्डशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या तय्यबा हसन आणि बॉस्टनच्या जोनाथन सेली यांच्या गटाबरोबर आणखी पुढे जाऊन रुग्णांवर काम केलं. महागडा लेझर बाजूला ठेवून त्यांनी बॅटरीवर चालणारा ६३५ नॅनोमीटरचा एलईडी वापरला. थ्री-डी प्रिंटरवर तोंडात बसतील असे उजेड नेणारे तुकडे बनवले, गालासाठी एक आकार, आतल्या कोपऱ्यासाठी दुसरा. एएलए प्यायला दिल्यावर चट्टा किती चमकतो हे स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने पाहिलं, कारण चमक दिसली म्हणजे औषध पोचलं, आणि उजेड देताना ती विझत गेली म्हणजे औषध खर्ची पडलं. लोडशेडिंग असलेल्या गावातही चालेल असं हे यंत्र आहे. लहान, सुरुवातीच्या गाठी असलेल्या सुमारे तीस रुग्णांत बहुतांश ठिकाणी चांगला परिणाम दिसला आणि जखम भरून येताना तोंड आवळलं नाही.

या शेवटच्या मुद्द्याची किंमत कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या घरालाच कळते. गालाचा मोठा भाग आणि कधी जबड्याचं हाड गेल्यावर माणसाला नीट जेवता येत नाही, बोलणं अस्पष्ट होतं, तो लग्नाकार्याला जायचं टाळतो. पीडीटीत पेशी मरतात पण त्यांना धरून ठेवणारं कोलॅजनचं जाळं बरंचसं टिकतं, म्हणून व्रण मऊ राहतो. उपचार त्याच जागी पुन्हा करता येतो, जे रेडिएशनच्या बाबतीत सहसा शक्य नसतं.

इथे एक गंभीर सावधानी हवी, आणि ती मुंबईनेच जगाला दिली आहे. टाटा मेमोरियलचे अनिल डिक्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाच्या रुग्णांत एक मोठी तुलना केली. मानेत गाठ लागत नसतानाही पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या लसिकाग्रंथी काढायच्या, की त्या वाढल्या तरच नंतर काढायच्या? २०१५ मध्ये निकाल आला. आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, थांबलेल्यांत ६७.५ टक्के. म्हणजे तोंडातली गाठ लहान दिसली तरी पेशी मानेपर्यंत गेलेल्या असू शकतात, आणि गालावर टाकलेला उजेड मानेत पोचत नाही. ज्याला ऑपरेशनने बरं करता येतं अशा माणसाने केवळ उजेडाचा उपचार सौम्य आहे म्हणून ऑपरेशन लांबवलं, तर तो जिवाशी खेळ ठरेल. उजेडाची जागा आज कर्करोगपूर्व चट्ट्यांत, अगदी वरवरच्या गाठींत, आणि ज्यांना पुन्हा ऑपरेशन किंवा रेडिएशन देता येत नाही अशांत आहे.

त्या शेवटच्या गटासाठी जपानने एक दार उघडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले हिसाताका कोबायाशी यांनी २०११ मध्ये दाखवलं की आयआर-७०० हा रंग कर्करोगाच्या पेशींना चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला जोडता येतो. सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड डोक्या-मानेच्या कर्करोगात आधीपासून वापरात होतंच. रंग जोडलेलं प्रतिपिंड शिरेतून द्यायचं, दुसऱ्या दिवशी ६९० नॅनोमीटरचा उजेड द्यायचा, गाठ खोल असेल तर सुईतून तंतू आत घालून. उजेड मिळताच रंगाच्या रेणूचा एक भाग गळून पडतो, उरलेला आकार बदलतो आणि पेशीचं आवरण फाटतं. सप्टेंबर २०२० मध्ये जपानने परतलेल्या किंवा काढता न येणाऱ्या डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी याला सशर्त मान्यता दिली. औषध कुठे पोचेल तेही निवडायचं आणि उजेड कुठे पडेल तेही, हा नेम साध्या पीडीटीपेक्षा नक्कीच अचूक आहे. किमतीचा प्रश्न मात्र मोठा आहे, कारण प्रतिपिंडं स्वस्तात बनत नाहीत.

आपल्याकडे हे उपचार रुजवायचे तर काही गोष्टी इथेच सोडवाव्या लागतील. सुपारीमुळे ज्यांच्या गालांखाली दोरीसारखे पट्टे तयार झाले आहेत त्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. परदेशी मापाचा उजेडाचा तुकडा तिथे शिरणार नाही, तो पातळ आणि वाकणारा बनवावा लागेल. मायर-बेट्झना भोवलेली उन्हाची अडचण तर आपल्याकडे बारमाही आहे. एएलए घेतलेल्याला दोन दिवस जपावं लागतं, फोटोफ्रिन घेतलेल्याला किमान महिनाभर. इथे बाजारातलं सनस्क्रीन उपयोगी पडत नाही, कारण ते मुख्यतः अतिनील किरण अडवतं आणि इथे त्रास देतो तो दिसणारा उजेड. लांब बाह्यांचे कपडे, टोपी, गॉगल, खिडकीपासून दूर जागा. फोटोफ्रिनच्या बाबतीत काळ्याकुट्ट खोलीतही कोंडून घ्यायचं नसतं. घरातल्या साध्या दिव्यांच्या उजेडाने त्वचेतलं उरलेलं औषध हळूहळू निकामी होतं. एका खोलीत पाच माणसं राहतात, कामावर गेलं नाही तर रोज बुडतो, अशा रुग्णाला हे सगळं समजावून सांगणारा माणूस दवाखान्यात हवा. तोही उपचाराचाच भाग आहे.

आणि एक नीट आखलेली चाचणी हवी. तोंडातले पांढरे-लाल चट्टे असलेल्या रुग्णांचे दोन गट, एकाला आजची पद्धत, दुसऱ्याला स्वस्त एलईडीचा उजेड. मग किमान पाच वर्षं दर काही महिन्यांनी प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी, आणि शंका आली की तुकडा काढून तपासायचा. मधेच कुणी गावी गेला तर त्याच्यापर्यंत पोचायचं. परळ आणि खारघरला डॉक्टर आहेत, पवईला अभियंते आहेत, पार्ल्यासारख्या उपनगरांत औषधनिर्माणाच्या शिक्षणसंस्था आणि मोठी रुग्णालयं आहेत, आणि रुग्ण तर दुर्दैवाने जगात कुठेही नसतील इतके इथे आहेत. अशा चाचणीचा निकाल काय लागेल हे आज कुणाला ठाऊक नाही. चट्टे विरले पण कर्करोग तितकाच झाला, असंही दिसू शकतं. ते कळलं तरी पुढच्या रुग्णाला कुठला उपचार द्यायचा हे ठरवताना डॉक्टरांच्या हाती अंदाजाऐवजी आकडा असेल.